वाळूखालचें नगर

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्राचीन लिसिया देशांतील पातारा नगराचे अवशेष आहेत, आणि त्यांच्यापुढें भूमध्य समुद्राच्या कांठानें मैलोगणती वाळू पसरली आहे. दुपारीं समुद्रस्नान करावें व उन्हें उतरलीं म्हणजे अवशेष पाहावे, असा प्रवाशांचा क्रम. आम्हीहि तसेंच केलें, आणि आनंद झाला नाहीं असें म्हटल्यास तें खोटें होईल. परंतु भग्न भिंतींतून फिरतांना एक विचार मनास टोंचूं लागला. ज्या वाळूवर आम्ही सुखानें पहुडलों, तिनेंच हें नगर बुडविलें होतें.

येथें एके काळीं मोठें बंदर होतें. संत पॉल यानें येथें गलबत बदलल्याचें बायबलांत नमूद आहे. लिसियांतील तेवीस नगरांचा एक संघ असे. त्यांत थोर नगरांस तीन मतें, मध्यमांस दोन व लहानांस एक, असें स्ट्रेबो सांगतो. १७४८ मध्यें मॉन्टेस्क्यूनें संघराज्याचा नमुना म्हणून याच व्यवस्थेची वाखाणणी केली. त्या संघाचें सभागृह पातारा येथें आजहि पाहावयास मिळतें. पुढें नदीच्या गाळानें व वाऱ्यानें लोटलेल्या वाळूनें बंदर बुजलें, दलदल झाली. नाट्यगृहांतहि वाळूचा डोंगर चढला.

मग परक्यांच्या नाशावर आपण सुख भोगावें काय? काळ लोटला म्हणजे दुःखाचेंच सौंदर्य होतें, असें रसिक म्हणतात. हें उत्तर आम्हांस फार सोयीचें वाटतें. आमच्या सोपाऱ्याचें बंदरहि गाळानें बुजलें. १८८२ मध्यें भगवानलाल इंद्रजींनीं तेथील स्तूप उकरला. त्या जागीं उभे राहिलों असतां ‘काय रम्य!’ असा उद्गार निघत नाहीं, उलट चुटपुट लागते. काळ तर दोन्हीकडे लोटला आहे. उणें आहे तें आपलेपण.

तरीहि समुद्रस्नानास पाप ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. पातारा आम्हीं बुडविलें नाहीं, आणि आमच्या हळहळण्यानें एकहि गलबत परतणार नाहीं. आमचा हात पोंचेल असें दुःख मात्र त्याच वाळूंत आहे. तेथें समुद्रकासवें अंडीं घालतात. बाहेर पडलेलीं पिलें उजेडाच्या रोखानें धावतात, आणि किनाऱ्यावर दिवा असला तर समुद्र सोडून तिकडेच वळतात. म्हणून हंगामांत रात्रीं किनारा माणसांस बंद असतो.

आम्हांस चंद्रोदयापर्यंत थांबावयाचें होतें. रखवालदारानें आमच्या हातांतील विजेरीकडे बोट दाखवून बाहेरची वाट दाखविली. प्रथम रागच आला. मग विजेरी विझवून आम्ही काळोखांत चांचपडत परतलों.