न्हाणीघरातील निसर्ग

स्नानसमयीच्या परंपरागत श्लोकात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या नद्यांचे आवाहन, म्हणजे समोरच्या पाण्यात उपस्थित राहण्याची प्रार्थना असते. त्यामुळे तांब्याभर पाणीही तीर्थ ठरते. न्हाणीघराच्या सजावटीतूनही निसर्गाला असेच बोलावले जाते; पण ज्या उरण तालुक्यातील भातखाचरे व मिठागरे नवी मुंबईसाठी संपादित झाली आणि जेथील जासई गाव या संपादनावरून झालेल्या 1984 च्या शेतकरी आंदोलनाचे केंद्र ठरले, तेथे न्हाणीघरात नदीतले गोटे मांडून निसर्ग परत येईल काय, हा प्रश्न गंभीर आहे. कोकणी घरांत न्हाणीचे सांडपाणी परसातील अळू आणि केळीच्या बुंध्याशी जाई. पूजेत आवाहनाला विसर्जनाची, म्हणजे आदराने निरोप देण्याची जी जोड असते, तीच येथे आपसूक साधली जाई. पाण्याची ही पुढची वाट न आखता केलेली सजावट अपुरीच होय.