धावांचा हिशेब आणि दिवसाची मजुरी

जून २०२५ मधील एका रविवारी सौंसर येथे उपासना संपल्यावर आमच्या लहानशा मंडळीतील तीन-चार तरुण पायरीवर बसून हिशेब करीत होते. विषय क्रिकेटचा होता. ऋषभ पंत याला नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौच्या संघाने २७ कोटी रुपयांस घेतले होते. पुढच्या हंगामात त्याच्या धावा झाल्या २६९. म्हणजे एक धाव दहा लाखांस पडली. गुजरात संघाच्या साई सुदर्शनला साडेआठ कोटी मिळाले आणि त्याच्या धावा झाल्या ७५९, त्या हंगामात सर्वांहून अधिक. त्याची धाव पडली सव्वा लाखाच्याही आत. एक तरुण म्हणाला, ‘‘सुदर्शनच्या भावाने पंतचे तीनच कोटी होतात. बाकीचे चोवीस कोटी फुकटचे! गुरुजी, हा अन्याय नाही काय?’’

मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. मनुष्याला मिळणारा पैसा त्याच्या कामाच्या मोलाशी जुळला पाहिजे काय? आणि कामाचे मोल मोजायचे तरी कसे?

प्रथम हिशेबच पाहू. २७ मे २०२५ रोजी पंत हंगामातील शेवटचा सामना खेळण्यास उतरला, तेव्हा त्याच्या धावा होत्या १५१. त्या दिवशी त्याने नाबाद ११८ केल्या. एका संध्याकाळीत त्याची धाव अठरा लाखांवरून दहा लाखांवर आली. तरीही सामना लखनौने गमावला, कारण आपल्या शेजारच्या अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून तो बंगळूरूला जिंकून दिला. आता हरलेल्या ११८ धावा मोठ्या की जिंकलेल्या ८५? शिवाय पंत यष्टिरक्षक होता, कर्णधारही होता. त्याचे मोल धावांच्या रकान्यात कोठे लिहावे?

अमेरिकेत बेसबॉल या खेळात हा हिशेब फार वर्षांपासून चालू आहे. तेथे फलंदाजाची परीक्षा प्रामुख्याने त्याच्या फटक्यांवरून होत असे. जो खेळाडू वाईट चेंडू शांतपणे सोडून देई आणि नियमाप्रमाणे चालत पहिल्या टप्प्यावर जाई, त्याची कोणी फारशी वाहवा करीत नसे. ओकलंड संघाचे व्यवस्थापक बिली बीन यांनी अशा दुर्लक्षित खेळाडूंना स्वस्तात घेतले. २००२ साली न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा पगारखर्च ओकलंडच्या सुमारे तिप्पट होता. दोन्ही संघांनी सामने जिंकले सारखेच, १०३. डोळ्यांपुढे उघड असलेले गुणही बाजाराला वर्षानुवर्षे दिसत नाहीत, हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बागाइतदारांना समजावून सांगावी लागू नये. व्यापारी फळ हिरवे असतानाच बागेचा सौदा करतो. तो झाडाखाली उभा राहून नजरेने अंदाज बांधतो आणि आकडा सांगतो. पुढे फळगळ होईल, गारा पडतील किंवा भाव चढेल, हे त्याला ठाऊक नसते. तो आजच्या फळाचे नव्हे, तर उद्याच्या आशेचे पैसे देतो. लिलावातील २७ कोटी हीदेखील अशीच हिरव्या फळावर लावलेली बोली होती. अंदाज चुकला म्हणून झाडाने व्यापाऱ्याला फसविले, असे आपण म्हणत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, ही किंमत खेळाडूच्या हातात फार थोडी असते. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा खेळाडूंना योग्य बक्षीस देण्यास क्रिकेट मंडळाजवळ पैसा नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्या पैशातून प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख रुपये मिळाले. त्यांचे कष्ट आजच्या खेळाडूंहून कमी होते काय? मुळीच नाही. फरक पडला तो पाहणाऱ्यांमुळे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. ज्यांच्या नजरेला हा भाव आला, त्यांत पायरीवरचे ते तरुण आहेत आणि मीही आहे.

तेव्हा किंमत म्हणजे कोणाला किती गरज, किती आशा आणि किती चढाओढ याचा आकडा. तिच्यावरून काम पुरते मोजता येत नाही आणि मनुष्य तर मुळीच नाही. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुडकीजवळ याच पंतची मोटार उलटून पेटली. हरियाणा राज्य परिवहनच्या बसचे चालक सुशील कुमार आणि वाहक परमजीत धावून गेले. हा कोण, हे चालकाला ठाऊक नव्हते. रस्त्यावर पडलेल्या त्या जखमी मनुष्याच्या धावा कोणी विचारल्या नाहीत. आणि त्या दोघांच्या त्या सकाळच्या कामाचे मोल त्यांच्या पगारपत्रकात कोणत्या रकान्यात मांडणार?

परंतु येथे एक धोका आहे, आणि तो मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. किंमत म्हणजे केवळ बाजाराचा अंदाज, असे एकदा मानले की कोणतीही मजुरी कितीही कमी असली तरी ‘‘भावच तसा आहे’’ म्हणून हात झटकता येतात. काही वर्षांपूर्वी मी आमची लहानशी बाग दिवाळीच्या सुमारास एका व्यापाऱ्याला दिली. फेब्रुवारीत गारपीट झाली. सौद्याप्रमाणे माझे पैसे मला पूर्ण मिळाले. पण तोडणीला आलेल्या बायामाणसांची मजुरी त्याने कापली. फळ कमी निघाले, हे कारण. मी पाहत होतो. ‘‘तो त्यांच्या-त्यांच्यातला व्यवहार,’’ असे म्हणून मी घरात गेलो. जाता जाता एक बाई म्हणाली, ‘‘फळं कमी होते गुरुजी, पण दिवस तं पूराच होता नं?’’

ते शब्द मला अजून टोचतात. आपण द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला अनेकदा ऐकला आहे. पहाटे आलेले कामकरी कुरकुरले, ती त्या तरुणांसारखाच हिशेब मांडून: तासाला किती पडले? धनी मात्र दुसरे काही पाहत होता. उशिरा आलेल्याच्या घरीही संध्याकाळी चूल पेटायची होती. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्याने कोणाला ठरल्यापेक्षा कमी दिले नाही. उदार होण्यासाठी त्याने दुसऱ्याचा दिवस कापला नाही.

खेळाडूंच्या लिलावातही एक तळ ठरलेला असतो. २०२४ च्या त्या लिलावात ३० लाखांच्या खाली कोणावर बोली लागतच नव्हती. ज्यांच्यासाठी धनवान चढाओढ करतात, त्यांना हा आधार आहे. ज्यांच्यासाठी कोणीच बोली लावीत नाही, त्यांच्या मजुरीचा तळ मात्र आपण गारपिटीच्या पहिल्या दिवशी मोडतो. अन्याय शोधायचा तर तो येथे शोधावा. पंतच्या चोवीस कोटींनी माझी झोप उडण्याचे कारण नाही. त्या बाईच्या कापलेल्या मजुरीने उडायला हवी होती.

त्या तरुणांना मी पुढच्या रविवारी हेच सांगितले. धावांचा हिशेब जरूर करा. संघाच्या मालकाला तो उपयोगी आहे, आणि त्याने बुद्धीही तल्लख होते. परंतु तो मनुष्याच्या योग्यतेचा हिशेब समजू नका. मग ज्याने प्रश्न केला होता तो म्हणाला, ‘‘गुरुजी, त्या तोडणीवाल्या बाईचे पैसे पुढे मिळाले काय?’’

मजजवळ उत्तर नव्हते. तोडणीची ती माणसे आजही सौंसरच्या बाजारात भेटतात. विचारायला मी गेलोच नव्हतो. आता जाणार आहे, आणि जाताना हात रिकामे ठेवणार नाही.