आधारची झेरॉक्स कुठे जाते?

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला लागायचं म्हटलं की कागदांची यादी ठरलेली असते: आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान आणि दोन फोटो. खोली भाड्याने घ्यायची तर घरमालकाला पुन्हा आधार. सिमकार्ड, गॅस, हप्त्यावरचा मोबाइल, मुलीचा शाळाप्रवेश, सगळीकडे तोच कागद. पेठ-सुरगाण्याहून किंवा बिहारहून आलेला कामगार ठेकेदार बदलतो तेव्हा आधीच्याच्या फायलीतली आपली प्रत काही परत घेत नाही. आता तर झेरॉक्सवालाही कार्ड हातात घेत नाही, ‘या नंबरवर पाठवा’ म्हणतो. मग त्याच्या काँप्युटरवर, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, अख्ख्या वस्तीची ओळखपत्रं एकाखाली एक पडून राहतात. दुकानदार बहुतेक वेळा सज्जन असतो. पण ती प्रत कुणी, कशासाठी मागितली आणि पुढे तिचं काय झालं, हे विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

अशा सुट्या क्रमांकांचं काय होऊ शकतं, ते २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत दिसलं. खारघरच्या एका महिलेचा अर्ज पोर्टल घेईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर अर्ज आधीच भरलेला होता. चौकशीचा धागा साताऱ्याच्या खटाव तालुक्यापर्यंत गेला. तिथल्या एका माणसाने बायकोचे फोटो लावून आणि इतर बायकांचे आधार क्रमांक टाकून तिसेक अर्ज भरल्याचं उघड झालं. यात कुणी सरकारी सर्व्हर फोडला नव्हता. क्रमांक खरे होते, फोटोतली बाई खरी होती, फक्त दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, आणि अर्ज घेणाऱ्या यंत्रणेने तो वेळीच तपासला नव्हता. खारघरच्या त्या बाईंनी घरात कार्ड कितीही जपून ठेवलं असतं तरी हे टळलं नसतं.

बनावटगिरी नाशिकला नवी नाही. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचे मुद्रांक आणि पासपोर्ट छापले जातात. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात याच प्रेसची मोडीत काढलेली यंत्रं लिलावातून त्याच्या हाती लागल्याचं निघालं आणि सगळा देश हादरला. त्या काळी कागदाची सुरक्षितता तो कागद बनवणं अवघड असण्यात होती. म्हणून शाई, ठसे आणि यंत्रं यांच्यावर पहारा. तेलगीला यंत्रं मिळवावी लागली, माणसं फोडावी लागली. आधारच्या बारा आकड्यांना यातलं काहीच लागत नाही. ते उतरवून घ्यायला पेन्सिल पुरते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याकडे दाखवायला एकही कागद नाही, त्याला सरकारदरबारी उभं राहता यावं, हा हेतू चांगलाच होता. क्रमांकांचा फायदा मी नाकारत नाही. पीएफचा यूएएन क्रमांक २०१४ मध्ये आला, त्याआधी ठेकेदार बदलला की कामगाराचा जुना पीएफ कुठल्या तरी खात्यात अडकून पडायचा. आता तो क्रमांक कामगाराबरोबर फिरतो. माझी तक्रार वेगळी आहे. आधार क्रमांक म्हणजे दारावरची पाटी, आणि आपण तिला किल्ली समजून बसलो आहोत. पाटी चारचौघांनी वाचायचीच असते. ती वाचता येणाऱ्याला दार उघडून देणारा पहारेकरी मूर्ख म्हटला पाहिजे.

अमेरिकेने हा घोळ आपल्या कितीतरी आधी घातला. तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक १९३६ साली केवळ पेन्शनच्या हिशेबासाठी सुरू झाला. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीने नमुना म्हणून पाकिटात कार्ड घातलं आणि त्यावर आपल्याच सेक्रेटरीचा खरा क्रमांक छापला. पाकिटं दुकानांत गेली आणि लोकांनी तो क्रमांक स्वतःचा म्हणून वापरायला सुरुवात केली. १९४३ मध्ये पाच हजारांहून अधिक माणसं एकाच क्रमांकावर काम करत होती. पुढे तिथल्या कार्डावर ‘हे ओळखपत्र नव्हे’ अशा अर्थाची ओळही छापली जाई. तरी बँका, महाविद्यालयं, दवाखाने सगळ्यांनी तोच क्रमांक ओळख म्हणून घेतला, आणि वर तो गुप्त ठेवायला माणसाला सांगितलं.

आधार देणारं आपलं प्राधिकरणही दोन तोंडांनी बोलत आलं आहे. जुलै २०१८ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाच्या अध्यक्षांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून ‘काय नुकसान करता ते करा’ असं आव्हान दिलं. काही दिवसांतच प्राधिकरणाने लोकांना बजावलं की असा क्रमांक जाहीर करू नका. मे २०२२ मध्ये बंगळुरूच्या कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या, असा सल्ला दिला. दोन दिवसांत केंद्राने तो मागे घेतला: लोक गैरअर्थ काढतील म्हणून. सामान्य माणसाने यातून नेमकं काय समजावं?

आकडे सोडा, बोटाचा ठसाही आता सुरक्षित राहिलेला नाही. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीनखरेदीच्या दस्तांवरचे अंगठे उतरवून घेतले, त्यांचे रबरी ठसे केले आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली. इकडे वर्षानुवर्षं पत्रा, तेल आणि ग्राइंडिंग यांत झिजलेली बोटं रेशन दुकानातलं यंत्र ओळखत नाही. खऱ्या अंगठ्याला ‘पुन्हा लावा’ म्हणायचं आणि रबराच्या अंगठ्याला आत घ्यायचं, ही कसली ओळख?

आणि चोरी झाल्यावर धावपळ कुणाची? ज्याची ओळख चोरली त्याची. त्याच्या पॅनवर कुणी कर्ज उचललं तर ते आपण घेतलं नाही, हे त्यानेच सिद्ध करायचं. पाळी बुडवून पोलीस ठाणं, बँक, क्रेडिट कंपनी अशा चकरा मारायच्या. क्रेडिट नोंदीबद्दलची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. तत्त्व म्हणून तो मला मोलाचा वाटतो, कारण त्यात उशिराचा भुर्दंड संस्थेवर पडतो. रक्कम मात्र एका दिवसाच्या हजेरीइतकीही नाही. खऱ्या माणसाला न पाहता ज्याने कर्ज मंजूर केलं, त्याने पहिल्याच दिवशी ते आपल्या अंगावर घ्यावं, असा नियम हवा.

नागरिकाने आपल्यापुरती काळजी घ्यावीच. बायोमेट्रिक लॉक करावं, झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून सही करावी, संचार साथीच्या पोर्टलवर आपल्या नावाची सिमकार्डं किती ते पाहावं, फसवणूक होताच १९३० ला फोन करावा. पण हा उपदेश ऐकणाऱ्या कामगाराला गेटवर ‘झेरॉक्स देणार नाही’ म्हणण्याची सोय नसते. तो म्हणाला, तर मागे दुसरा उभा असतोच.

म्हणून बोलायचं ते मागणाऱ्यांशी. आधारवरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या ॲपने स्कॅन केला की कार्ड खरं की खोटं ते तिथल्या तिथे कळतं. झेरॉक्समधून यातलं काहीच कळत नाही, तिने फक्त फाइल जाड होते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे आणि माहिती जपण्यात कसूर झाली तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सातपूरच्या कारखानदारांनी आणि ठेकेदारांनी ती मुदत संपायची वाट पाहू नये. कार्ड स्कॅन करा, परत द्या. जी प्रत ठेवावीच लागेल ती कुठे आणि कधीपर्यंत ठेवणार, हे कामगाराला लेखी द्या. आणि काम सोडून गेलेल्यांच्या ज्या झेरॉक्स कपाटात पडल्या आहेत, त्यांतल्या कायद्याने ठेवाव्या लागतात तेवढ्या सोडून बाकीच्या या महिन्यात फाडून टाका.