अधिक दिलेले मोल : ऋण की दया?

एखादा मनुष्य अडचणीत सापडून आपली वापरातील वस्तू विकावयास काढतो. किंमत तो स्वतःच सांगतो. घेणारा अनोळखी असतो. तो वस्तू न्याहाळून म्हणतो, ‘हिचे मोल याहून अधिक आहे,’ आणि न मागता अधिक देऊन जातो. अशा प्रसंगी विचारवंतापुढे एक प्रश्न उभा राहतो. ते अधिक द्रव्य घेणाऱ्यावर ऋणच होते, की ती त्याची दया? ऋण म्हणावे, तर ऋण फेडणाऱ्याची स्तुती कशासाठी? दया म्हणावी, तर जो न देता निघून गेला असता तो निर्दोष ठरतो काय?

या विषयी दोन दृष्टांत पाहण्यासारखे आहेत. रोमचा धर्माधिकारी व विधिज्ञ क्विंटस स्कीव्होला, जो इ.स.पू. 95 मध्ये कॉन्सल झाला, एक शेतवाडी विकत घेत होता. एकच निश्चित किंमत सांगावी, असे त्याने विकणाऱ्यास म्हटले. विकणाऱ्याने ती सांगितली. तेव्हा स्कीव्होला म्हणाला, आपण या वाडीचे मोल अधिक समजतो. आणि त्याने वर एक लक्ष सेस्टर्स दिले. ही कथा सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात दिली आहे.

दुसरा दृष्टांत अरबस्तानातील. पैगंबरांचे सहचर जरीर इब्न अब्दुल्ला यांच्या सेवकाने त्यांच्यासाठी 300 दिरहमांस घोडा ठरविला व पैसे देवविण्यासाठी घोड्यासह त्याच्या धन्यास आणले. घोडा पाहताच जरीर यांनी धन्यास सांगितले की, याचे मोल याहून अधिक आहे. आणि शंभर-शंभर वाढवीत त्यांनी 800 दिरहमांस सौदा केला. कारण विचारता, प्रत्येक धर्मबंधूचे हित चिंतण्याचे वचन आपण दिले आहे, असे त्यांनी सांगितले.

आता पूर्वपक्ष असा. स्कीव्होलाची कृती सज्जनाची खरी, परंतु शहाण्याची नव्हे, असे लोक म्हणत, हे सिसेरोनेच नोंदविले आहे. सौदा उभयतांच्या संमतीने होतो. किंमत विकणाऱ्याने सांगितली. मग अन्याय कोठे झाला? आपल्याकडील 1872 चा करार-कायदाही सांगतो की, केवळ मोबदला अपुरा म्हणून करार रद्द होत नाही, आणि नुसते मौन हे सामान्यतः कपट नव्हे.

याचे समाधान असे. संमती ही जाणिवेवर उभी असते. जो आपल्या वस्तूचे मोल जाणत नाही, त्याची संमती मुखाने पूर्ण असली तरी बुद्धीने अपुरी असते. आणि ही उणीव एकटा घेणाराच जाणतो. कायद्यास मनुष्याचे अंतःकरण दिसत नाही, म्हणून तो तेथे थांबतो. कायदा थांबला म्हणून कर्तव्य थांबत नाही. दुसऱ्याच्या अज्ञानातून आलेले द्रव्य हाती राहिले, तर ते त्याचेच द्रव्य आपल्याकडे राहिले, असे विवेक सांगतो. म्हणून विकणारा अजाण असेल तेथे ते ऋणच होय.

परंतु विकणारा मोल जाणत असून केवळ निकडीपायी कमी मागत असेल, तर तेथे निर्णय वेगळा. त्याचे अज्ञान नाही, नड आहे. ती नड घेणाऱ्याने उत्पन्न केलेली नाही. म्हणून तेथे अधिक देणे ही दया होय. मात्र त्याची नड ओळखून भाव आणखी पाडणे हा उघड दोष होय. दया न करणे आणि निर्दयता करणे यांत हे अंतर आहे.

शंका : असे असेल तर व्यापाऱ्याने जगावे कसे? त्याचा लाभ तर कमी भावाने घेऊन अधिक भावाने विकण्यातच असतो. समाधान : व्यापाऱ्याचे श्रम, वाहतूक, पारख व धोका यांचे मोल त्याचेच आहे. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो, तेथे दोघेही जाणते असतात. त्यात दोष नाही. आपल्या श्रमाचे फळ घ्यावे, दुसऱ्याच्या आंधळेपणाचे घेऊ नये, इतकेच.

मग ऋण फेडणाऱ्याची स्तुती कशासाठी? ज्या ऋणास साक्षी नाही, लेख नाही आणि धनकोलाही ज्याची वार्ता नाही, ते फेडणे दुर्घट असते, म्हणून. आणखी एक सूक्ष्म गोष्ट दोन्ही दृष्टांतांत आहे. त्या दोघांनी अधिक द्रव्य दान म्हणून दिले नाही, किंमत म्हणून दिले. दान म्हटले असते तर विकणारा उपकाराखाली वाकला असता. किंमत म्हटल्याने तो ताठ मानेने घरी गेला, आणि देणाऱ्याच्या ठिकाणीही दातेपणाचा अभिमान उत्पन्न होण्यास जागा राहिली नाही.

दार्ष्टांतिक हे की, संन्याशास विकावयास काही नाही. तो भिक्षेवर राहतो. परंतु वासनिकास नित्य घेणे-देणे आहे. मोडीत आलेले भांडे, जुने पुस्तक, म्हातारा बैल घेताना समोरचा काय जाणतो व काय जाणत नाही, हे त्याने आधी पाहावे. तेथे खरे मोल बोलून दाखविणारा सज्जन तर होयच. आणि लोक काहीही म्हणोत, शहाणाही तोच.