अनाहूत दूरध्वनी आणि आपले सौजन्य

आपल्या संस्कृतीत न बोलावता आलेल्या माणसाला मोठा मान आहे. ज्याच्या येण्याला तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड परंपरेने केली जाते. पैनगंगेच्या अलीकडे येऊन स्थिरावलेल्या आपल्या मराठी घराण्यांनीही हा संस्कार जपला. बोथ, जैनथ, बेला या भागांत भर दुपारी दारात आलेल्या कल्हईवाल्याला वा बोहारणीला पाण्याचा तांब्या पुढे केल्याशिवाय परत पाठविणे अशोभनीय मानले जाई. आता अनाहूत मनुष्य दूरध्वनीवरून येतो आणि विचारतो, "आपल्या घरी जुनी नाणी आहेत काय? चांगली किंमत देऊ." कधी तो नाणी विकत घेऊ पाहतो, कधी गळ्यात मारू पाहतो. त्याला अतिथी मानावे काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

हा प्रश्न आपल्या घरांना विशेष लागू पडतो, त्याला कारण आहे. निजामाच्या संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. चारमिनारची छाप असलेला हाली रुपया आणि इंग्रजी कलदार यांचा हिशेब सात हालीला सहा कलदार असा होई. 1948 मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात आले, तरी हाली सिक्का 1959 पर्यंत चालला. त्यामुळे आजही कित्येक देवघरांतील डब्यांत हाली आणि कलदार एकत्र नांदतात, लक्ष्मीपूजनाला ताम्हणात बसतात. पुतळ्यांची माळ तर नाण्यांचाच दागिना. आजोबांनी कापूस विकून आणलेला रुपया नातवाच्या दृष्टीने केवळ चांदी नसतो. अशा वस्तूंची चौकशी अनोळखी आवाजाने करावी, हे खटकणे स्वाभाविक आहे.

बोहारीण आणि हा आवाज यांतला भेद पाहू. बोहारणीचा चेहरा दिसे, तिची भांडी वाजवून पाहता येत, आणि उद्या तिला त्याच गल्लीतून पुन्हा जायचे असे. तिच्या सचोटीला हाच जामीन होता. दूरध्वनीवरील मनुष्याला आपले नाव ठाऊक असते. आपल्याला मात्र त्याचे नाव, गाव, पेढी यांपैकी काहीच खात्रीने ठाऊक नसते. ज्याने आपली ओळख झाकून ठेवली, त्याला अतिथीचा हक्क सांगता येत नाही, असे आमचे मत आहे.

म्हणून त्याला शिव्या द्याव्यात काय? नाही. तो आवाज पुष्कळदा विशीतल्या मुलाचा वा मुलीचा असतो. आपल्याच जिल्ह्यातील पदवीधर मुले हैदराबादेत जाऊन महिन्याच्या पगारासाठी अशी कामे करतात. आपला संताप मालकापर्यंत पोहोचत नाही; तो त्या नोकरदार पोरावरच कोसळतो. उलट उत्तर दिल्यास त्याची नोकरी जाईल, हे आपल्यालाही ठाऊक असते. ज्याला बोलता येत नाही त्याला बोलणे हे शौर्य नव्हे.

दुसरी पळवाट म्हणजे खोटे बोलणे. "मालक घरी नाहीत," असे नातवाकडून वदविण्यात दोन तोटे आहेत. मुलगा खोटे शिकतो, आणि नकार दिलाच गेला नसल्याने दूरध्वनी उद्या पुन्हा येतो. गंमत म्हणून त्या मनुष्यास तासभर बोलत ठेवणारेही आहेत. त्यांनी त्याच्या पोटाचा वेळ खर्ची घातला, एवढेच. तेव्हा एकदा ऐकावे, "नको, पुन्हा करू नका" असे स्पष्ट सांगावे आणि दूरध्वनी ठेवावा. मध्येच ठेवणे उद्धटपणाचे वाटते खरे, पण स्पष्ट नकारानंतर संभाषण लांबविणारा तो असतो, आपण नव्हे. 1909 या क्रमांकावर नोंदणी वा तक्रार करणे हेही असौजन्य नाही. नियम मोडणाऱ्या पेढीला जाब विचारण्याची ती रीतसर वाट आहे.

अधिक गंभीर गोष्ट फसवणुकीची आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली 2012 ची पाच वा दहा रुपयांची नाणी लाखांत जातात, अशी हूल नेहमी उठते. वास्तविक ती चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेली नाणी आहेत. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग टपालखर्च, अशी एकेक पायरी चढविली जाते आणि शेवटी आवाज नाहीसा होतो. जुन्या नोटानाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले आहे.

येथे सौजन्याची खरी कसोटी घरातच लागते. फसलेली वृद्ध व्यक्ती बहुधा गप्प राहते. पैशापेक्षा सुनेमुलांच्या हसण्याचे भय तिला अधिक असते. तिचे मौन ठकाच्याच पथ्यावर पडते, कारण 1930 या क्रमांकावर लगेच कळविले तरच रक्कम वाटेत अडविता येण्याची आशा असते. ज्या घरात आजीला "मी फसले" असे निर्भयपणे सांगता येते, त्या घराचे रक्षण कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक चांगले होते.

सचोटीचे नाणेव्यापारी नाहीत असे नव्हे. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि त्यांच्या विक्रीचा धंदा करण्यास 1972 च्या कायद्यान्वये परवाना लागतो. नांगराच्या फाळाला लागलेला ठेवा तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. विकायचेच असेल तर घरच्या जाणत्या माणसासह दिवसाउजेडी पेढीवर जावे, परवाना पाहावा, दोन ठिकाणी भाव विचारावा. नाणी घासून चकचकीत करू नयेत. त्याने त्यांचे मोल घटते. खरा व्यापारी थांबायला तयार असतो. "आजच, आत्ताच" म्हणणाऱ्यास नम्रपणे नाही म्हणावे. देवघरातला रुपया राहावा की जावा, याचा निर्णय घराने आपल्या सवडीने करावा.