अर्धरथी कर्ण आणि भीष्मांची साक्ष

कर्ण श्रेष्ठ की अर्जुन, हा वाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि त्यात एकजण व्यासांचा अध्याय उघडून बसतो, दुसरा कीर्तनात ऐकलेली कथा सांगतो, तिसरा शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चा हवाला देतो, व या तिन्ही पुराव्यांची योग्यता सारखीच आहे असे गृहीत धरून वादी-प्रतिवादी रात्र जागवतात. मला या वादाच्या निकालापेक्षा त्यातील पुराव्याचा प्रश्न अधिक कुतूहलाचा वाटतो. ज्या पुरुषाचे सामर्थ्य ग्रंथाबाहेर कोठेही तपासता येत नाही, त्याच्याविषयी कोणाचा शब्द प्रमाण मानावा? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्त त्यालाच म्हणतो, ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे. कर्णाचे शौर्य साक्षात् पाहिलेले लोक कथेच्या आतच राहतात. म्हणजे पहिली अट त्यांच्यापैकी पुष्कळजण सहज पुरी करतात, आणि खरी पंचाईत होते ती दुसऱ्या अटीपाशी.

उद्योगपर्वात दुर्योधनाच्या विनंतीवरून भीष्म दोन्ही सैन्यांतील वीरांची रथी, अतिरथी अशी प्रतवारी लावतात. नायकांचे बळ तोलण्याची हौस आजच्या चित्रपटवेड्या तरुणांनीच शोधून काढली असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. कर्णाची पाळी येताच पितामह सांगतात की सहज कवचकुंडले गेलेला आणि परशुरामाच्या शापाने ग्रासलेला हा पुरुष रथीही नव्हे, अर्धरथी होय. आणि द्रोणाचार्य तत्काळ दुजोरा देतात की रणातून पाठ फिरवतानाच तो दिसतो. संतापलेला कर्ण भीष्म जिवंत असेपर्यंत शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करतो. अर्जुनाच्या पक्षकाराला याहून भक्कम साक्ष कोणती हवी? साक्षीदार सत्यप्रतिज्ञ, युद्धशास्त्रात पारंगत, शिवाय कौरवांचाच सेनापती.

परंतु युद्धाच्या दहाव्या दिवशी तोच साक्षीदार शरशय्येवर पडतो. कर्ण भेटीला येतो तेव्हा भीष्म रक्षकांना दूर करतात, पित्याने पुत्राला घ्यावे तसे एका हाताने त्याला जवळ घेतात आणि सांगतात की ते कठोर शब्द तुझे तेज उतरावे एवढ्यासाठीच होते, एरव्ही धनुर्विद्येत तू अर्जुनाच्या आणि प्रत्यक्ष कृष्णाच्या तोडीचा आहेस. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने मृत्युपूर्व जबानीला विशेष मान दिला होता, आणि कर्णपक्षाचा सारा भर याच जबानीवर असतो. (जबानी देणारा पुढे उत्तरायणाची वाट पाहत कित्येक दिवस जगला आणि सबंध शांतिपर्व बोलला, हे तूर्त बाजूला ठेवू.) मात्र त्याच भेटीत पितामह कर्णाला पांडवांशी सख्य कर, असे विनवीत आहेत. मन वळवताना माणूस स्तुती करतो. तेव्हा सभेतील निंदा सहेतुक आणि शय्येवरील स्तुती निर्हेतुक, हा भेद मला मान्य नाही. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला सावध करताना कर्णाला त्याच्या बरोबरीचा, कदाचित वरचढही ठरवतो, त्याचेही असेच आहे. युधिष्ठिराला दिलेल्या वचनानुसार कर्णाचा तेजोभंग करण्यासाठीच सारथ्य करणाऱ्या शल्याच्या साक्षीबद्दल तर बोलायलाच नको.

मीमांसकांनी वेदवाक्यांतही विधी आणि अर्थवाद असा विवेक केला. अर्थवादातील स्तुती-निंदा खोटी नसते, पण तिचे प्रामाण्य ती ज्या कार्यासाठी आली त्या कार्यापुरतेच असते. हा दंडक येथे लावला की वीरांच्या तोंडची बहुतेक प्रशस्तिपत्रे गळून पडतात आणि उरते ती कृती. घोषयात्रेत चित्रसेन गंधर्वासमोर कर्ण पळाला, दुर्योधन बंदी झाला आणि त्याला सोडवले पांडवांनी. विराटाच्या गोग्रहणात एकट्या अर्जुनाने कर्णासह सारे कौरववीर हटवले.

यावर कर्णाचा वकील एक मार्मिक हरकत घेतो, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. ही कृती सांगितली कोणी? वैशंपायनाने; आणि कोणाच्या दरबारात? जनमेजयाच्या, म्हणजे अर्जुनाच्या पणतूच्या. परंतु याच निवेदकाने, याच श्रोत्यासमोर, रथाचे चाक भूमीत रुतले असता ते उपसत असलेल्या कर्णावर अर्जुनाने बाण टाकला, हेही सांगितले आहे. स्वपक्षाला बाधक असलेली हकिकत जो दडवत नाही, त्याची स्वपक्षाला अनुकूल हकिकतही केवळ आश्रयदात्याच्या भयाने रचली, असे म्हणण्याला मग फारसा आधार उरत नाही.

भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा दाखला अलीकडे अंतिम हुकूमनाम्यासारखा फेकला जातो. तिच्या संहितेत, सूतपुत्राला वरणार नाही असे द्रौपदीने भर स्वयंवरात कर्णाला सुनावल्याचा प्रसंग नाही; आणि अर्जुनाच्या बाणांनी कर्णाचा रथ बराच मागे सरे, तर हनुमान व कृष्ण आरूढ असलेला अर्जुनाचा रथ कर्णाने थोडासा हटवताच कृष्णाने त्याची वाहवा केली, ही कीर्तनातील लाडकी कथाही नाही. पण तिचे संपादक सुकथनकर यांनी आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी शोधले ते सर्वांत जुने साध्य पाठ. कर्ण खरोखर किती बलवान होता, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. 1967 च्या 'मृत्युंजय'मधील कर्ण स्वतःच्या तोंडाने बोलतो, तसेच कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णही बोलतात. तो कर्ण सावंतांचा आहे, आणि त्याला व्यासांच्या अर्जुनासमोर उभा करणे म्हणजे दोन निरनिराळ्या अदालतींतील पक्षकारांचा एकच खटला चालवणे होय. त्या कादंबरीवर माझेही प्रेम आहे. व्यासांच्या अदालतीत मात्र, उपलब्ध साक्षींवर, माझा कौल अर्जुनाकडे जातो. आणि अर्जुनाला सोडून कर्णावर जीव टाकणाऱ्याने तो कौल फिरवण्यासाठी भीष्मांची शय्येवरील जबानी पुन्हा पुढे केली, तर तिच्याच शेजारी सख्य करण्याची विनवणीही वाचून दाखवावी, एवढेच माझे त्याच्यापाशी मागणे राहील.