कंसाची थोरवी

चाळिशीनंतर माणसानं नवा गुरू, नवा व्यायाम आणि नवी प्रोग्रामिंगची पद्धत यांच्या नादी लागू नये, असं शहाणे सांगतात. त्यातलं पहिलं दोन मी पाळलं.

आजवर मी 'ऑब्जेक्ट' घडवत आलो. ऑब्जेक्ट म्हणजे जुन्या वळणाचा घरमालक. कोठाराची किल्ली त्याच्या कनवटीला. 'दोन पायल्या टाका' म्हटलं की आत टाकणार. पण काल किती होतं म्हणून विचाराल, तर हात वर! 'फंक्शनल' पंथात हे चालत नाही. तिथं आहे त्याला हात लावायचा नाही. बदल हवा? मग जुनं तसंच ठेवून शेजारी नवं मांडा. शिवाय तोच प्रश्न विचारला की तेच उत्तर, मग विचारणारा साहेब असो की सासरा. हा गुण माणसांत तरी कुठं सापडतो?

बरं, हा पंथ नवा म्हणावा, तर अलोन्झो चर्चचं लॅम्डा कॅल्क्युलस 1930च्या दशकातलं आणि जॉन मॅकार्थीची लिस्प 1958ची. आमची जावा 1995ची, म्हणजे या घरातलं शेंडेफळ. तिनंही 2014 साली थोरल्यांचा लॅम्डा मुकाट्यानं घरात घेतला.

हे तत्त्व मला उमगलं ते मात्र मुकुटबनला. वर कापूस आणि खाली चुनखडी, अशा या गावात सातबारा पोथीपेक्षा जास्त वाचतात. हाती लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर खातेदार बदलला, तरी आधीचं नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि नव्या नावाशी फेरफाराचा नंबर टाकत. या फेरफाराला इंग्रजीत म्हणतात म्युटेशन! आमच्या नव्या पंथात म्युटेशन म्हणजे महापाप. नाव पापाचं नि करणी पुण्याची, अशी ही एकच नोंदवही असावी.

आमच्या काकांनी कंसातल्या एका नावावर बोट ठेवलं. "हे आत्याबाई. भावाईसाठी हक्क सोडला तिनं. खोडाले काय लागते बाप्पा? पन मंग तिनं सोडला, हे सांगन कोन?"

मी गप्प झालो. नाव खोडलं असतं, तर आत्याबाईचा हक्क होता हेही पुसलं गेलं असतं आणि तिचा त्यागही.

मग प्रश्न पडतो, की माणसानं काहीच खोडू नये का? बांधावरची भांडणं, भावाभावांतले टोमणे, तेही जपून ठेवायचे? मला वाटतं, क्षमा म्हणजे खोडणं नव्हेच. खोडणारा 'असं काही झालंच नाही' म्हणतो. ते खोटं असतं. कंस करणारा म्हणतो, 'झालं होतं, पण आता ते चालू नाही.' त्यात खरेपणाही राहतो आणि मायाही.

म्हणून माझी ऑब्जेक्टची विद्या मी टाकलेली नाही, नुसती कंसात ठेवली आहे. आता लिस्प शिकतो आहे. तिथं तर जिकडेतिकडे कंसच कंस. कृष्णाचं काम एका कंसात भागलं. माझा एक बंद करायचा राहिला, की अख्खी मथुरा बंद!